पावसाच्या जंगलात आगीची खूण कशी शोधायची

माझ्या पहिल्या हंगामात, बोटीतून उतरल्यापासून सलग सहा दिवस पाऊस पडत होता. सातव्या दिवशी रेनकोटला आतून बुरशीचा वास यायला लागला, तेव्हा मी वैतागून आमच्या गटप्रमुख बाईंना विचारलं, या चिखलात आग लागणार तरी कशी? आम्ही होतो कॅनडाच्या पश्चिमेला, ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या मध्य किनाऱ्यावरच्या बेटांवर, तिथल्या मूळ रहिवासी हेल्टसुक लोकांच्या मुलखात. मी मदतनीस. झाडं कधी भाजली ते शोधायचं, एवढंच काम. वर्षाला ४,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस पडणारा हा भाग. शेवाळाचा गोळा पिळला तर तांब्या भरेल. वीज इथं क्वचित पडते, आणि पडली तरी बहुतेकदा पाऊस बरोबर घेऊनच येते.

बाई नुसत्या हसल्या. उत्तर मला पुढं मराठीतच नीट सापडलं: तिथं आग लागत नाही, लावावी लागते. या एका क्रियापदाच्या फरकाकडं लक्ष ठेवलंत तर या जंगलात काय शोधायचं आणि कुठं शोधायचं, हे दोन्ही आपोआप ठरतं. आपल्याकडं ‘आगलाव्या’ ही शिवी आहे. तिथल्या १८७४ च्या बुश फायर अ‍ॅक्टचीही नजर तशीच होती. त्या कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या जाणतेपणाने जाळ लावणाऱ्या माणसांना गुन्हेगार ठरवलं.

संशोधक किरा हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली या मध्य किनाऱ्यावरचा साधारण ७०० वर्षांचा आगीचा इतिहास मांडला. जंगलातले ३० तुकडे निवडून झाडांवरचे व्रण आणि झाडांची वयं तपासली. दिसलं असं की जुन्या वस्त्यांच्या जवळ आगी जास्त, लांब जावं तशा कमी. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या थांबल्याच. पाऊस काही तेव्हा वाढला नव्हता. माणसं नाहीशी झाली होती. १८६२ मध्ये दक्षिणेकडच्या व्हिक्टोरिया शहरात देवीची साथ आली. तिथं तळ देऊन राहिलेल्या उत्तरेकडच्या लोकांना हुसकावून लावलं गेलं आणि होड्यांबरोबर साथही किनाराभर वर सरकली. गावंच्या गावं ओस पडली.

म्हणून पहिला नियम: झाडापासून सुरुवात करू नका, किनाऱ्यापासून करा.

उतरल्यावर आधी काय बघायचं

खरं तर उतरण्याच्याही आधी परवानगी. सरकारी परवाना वेगळा आणि ज्यांचा मुलूख आहे त्या नेशनची, म्हणजे मूळ रहिवाशांच्या समूहाची, परवानगी वेगळी. दुसरी ही शिष्टाचाराची गोष्ट आहे असं समजणारे लोक मी पाहिलेत. त्यांचा हंगाम वाया जातो आणि जायलाच हवा. पत्र आधी काही महिने पाठवावं. त्यात काय शोधणार, कुठं, किती झाडांना हात लावणार आणि मिळालेली माहिती शेवटी कुणाच्या ताब्यात राहणार हे लिहावं. कॅनडातल्या फर्स्ट नेशन्सनी १९९८ पासून याबाबत चार तत्त्वं पुढं ठेवलेली आहेत: माहितीची मालकी, नियंत्रण, ती पाहण्याचा हक्क आणि ताबा. म्हणजे तुम्ही जमवलेला आकडा तुमचा नसतो.

हे मी चूक करून शिकले. साल सोललेल्या एका देखण्या सीडरच्या झाडाचा फोटो मी कौतुकानं मित्रमैत्रिणींना पाठवला, आणि फोनने त्याला जागेचे अक्षांश-रेखांश चिकटवून दिले होते. दोन दिवसांनी तो फोटो भलतीकडं फिरताना दिसला. मला सगळ्यांना एकेक करून तो काढून टाकायला सांगावं लागलं, आणि बरोबरच्या गार्डियन मंडळींसमोर (नेशनच्या वतीने मुलखाची राखण करणारे लोक) कबूलही करावं लागलं. फोनमधली जागेची नोंद बंद करा. आत्ताच करा.

आता किनारा. भरतीच्या रेषेच्या वर, ओढा समुद्राला मिळतो त्या ठिकाणी, जमीन अचानक सपाट आणि थोडी उंच वाटली तर थांबा. कोसळलेल्या झाडाच्या मुळांत किंवा लाटांनी खाल्लेल्या कडेत काळ्या मातीत पांढरे ठिपके दिसतील. ते शिंपल्यांचे तुकडे. शेकडो, हजारो वर्षं लोकांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे हे थर. त्यांनी मातीत कॅल्शियम वाढतं आणि तिथले रेड सीडर आजूबाजूच्यांपेक्षा उंच, जाड, शेंडे न वाळलेले असतात. २०१६ मध्येच हे मोजून दाखवलं गेलं. मला मात्र ते होडीतूनच दिसायला लागलं, दुसऱ्या उन्हाळ्यात: हिरव्या रेघेत एक फुगवटा दिसला की खाली गाव असणार. खाजकुयलीसारखं अंगाला झोंबणारं नेटल, जंगली सफरचंदाची झुडपं आणि ओहोटीत दगड बाजूला सारून होड्यांसाठी केलेली वाट, यांतलं दोन सापडलं तर शंका ठेवू नका.

तिथं खणू नका. खुरपंही काढू नका. तो पुरातत्त्वाचा ठेवा आहे आणि काहींसाठी आजीआजोबांचं घर. तिथून पाठ फिरवा आणि आत, चढाकडं चालायला लागा. किनाऱ्यापासूनचं अंतर वहीत लिहीत जा. ते अंतर हाच तुमचा सगळ्यात कामाचा आकडा ठरणार आहे.

व्रण ओळखणं

इथं नवे लोक हमखास फसतात, म्हणून सावकाश सांगते.

आग झाडाच्या बुंध्याशी जळते तेव्हा सालीखालचा जिवंत थर एका बाजूला मरतो. झाड मरत नाही. दरवर्षी दोन्ही कडांनी नवं लाकूड त्या जखमेवर चढत राहतं, ओठ मिटावेत तसं. त्यामुळं आगीचा व्रण त्रिकोणी असतो: जमिनीशी सगळ्यात रुंद, वर निमुळता. उतारावरच्या झाडाला तो बहुतेकदा चढाच्या बाजूला सापडतो, कारण वरून घसरलेला पालापाचोळा आणि काटक्या त्याच बाजूला साठतात आणि तिथं जाळ जास्त वेळ रेंगाळतो. आत बोट फिरवा. काळं लागलं तर चांगलं, पण नाही लागलं म्हणून सोडू नका. इतक्या पावसात कोळसा धुऊन जातो. मग आजूबाजूची दहा झाडं बघा. आग एकट्या झाडाला भेटायला येत नाही.

साल सोललेलं सीडर वेगळं दिसतं. चटया, टोपल्या, दोर, कपडे यांसाठी लोक खाली आडवा छेद देऊन सालीची पट्टी ओढत वर नेत. ती हळूहळू अरुंद होत कित्येक मीटर वर जाऊन तुटे. म्हणून हा व्रण लांबलचक, गुळगुळीत, टोकाला सुईसारखा आणि खालचा काठ सरळ कापल्यासारखा असतो. जमिनीपासून थोडा वर सुरू होतो. कोळसा नाही. कधी हत्याराचा घाव दिसतो. १८४६ पूर्वीच्या अशा झाडांना प्रांताच्या वारसा कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळं यांच्याजवळ नमुना काढायचं गिरमिट बाहेर काढायचंच नाही. पण नोंद जरूर करा, कारण असं झाड म्हणजे लोक इथं येत होते याचा पुरावा. माझ्या वहीत साल सोललेली झाडं आणि भाजलेली झाडं पुष्कळदा एकाच पानावर आली आहेत.

उरलेले चोर पटकन सांगून टाकते. अस्वलाने सोललेल्या सालीवर दातांच्या उभ्या रेघा असतात. शेजारचं झाड कोसळताना घासून गेलेलं असेल तर व्रण वर असतो आणि घासणारा ओंडका बहुतेकदा शेजारीच कुजत पडलेला सापडतो. विजेची खूण शेंड्याकडून खाली उतरते, पुष्कळदा खोडाला पीळ घालत.

कुठली झाडं बघायची? हेमलॉकची साल पातळ. ते भाजलं की मरतं, त्याच्याकडून जुनी गोष्ट ऐकायला मिळत नाही. डग्लस फर जाड सालीचं, पण ते दक्षिणेकडं आणि कोरड्या उतारांवर. मध्य किनाऱ्यावर तुमचे साक्षीदार म्हणजे रेड सीडर, यलो सीडर आणि दलदलीच्या कडेची खुरटी शोअर पाइन. ही पाइन दिसायला केविलवाणी. मनगटाएवढं खोड बघून मी पहिल्यांदा पुढं निघून गेले होते. असलं खोड दोन-तीनशे वर्षांचं असू शकतं.

एकाच झाडावर आतबाहेर दोन-तीन व्रण मिटलेले असतील तर तिथं खूण करा, चहा प्या आणि नीट बघा. वरचेवर आणि हलक्या आगी म्हणजे काय, ते या एका बुंध्यात असतं. सगळं जाळून टाकणाऱ्या मोठ्या आगीनंतर जंगल एकाच वयाचं उठतं आणि मधे काळे सुळके उभे राहतात. राखून लावलेल्या जाळानंतर म्हातारी झाडं जागेवर असतात, त्यांच्या पायाशी व्रण असतो आणि मधल्या मोकळ्या जागेत तरुण झाडं वेगवेगळ्या वयांची. हा फरक आधी डोळ्यांनी पकडता आला पाहिजे. यंत्र नंतर.

गिरमिट

सुताराच्या गिरमिटासारखंच, फक्त आतून पोकळ. फिरवत आत नेलं की पेन्सिलीहून बारीक, पाच मिलिमीटर जाडीची लाकडाची कांडी आत येते. जिवंत झाडाला ही लहानशी जखम असते, पण जखमच. म्हणून परवानगीत लिहिलेल्या संख्येपेक्षा एकही जास्त नाही. व्रणाचा काप हवा असेल तर तो आधी मेलेल्या, आडव्या पडलेल्या ओंडक्यांतून शोधा. करवत चालवणारा माणूस प्रशिक्षित हवा. त्यात हौस नको.

व्रणाच्या काठाला, जिथं नवं लाकूड चढलंय तिथं, एक कांडी, आणि विरुद्ध बाजूच्या धडधाकट लाकडातून दुसरी. फिरवताना हात हलवायचा नाही. पोहोचलं की लगेच उलटं फिरवून काढायचं. ओलं लाकूड फुगून पोलाद धरून ठेवतं. आणि सीडर आतून पोकळ असतं हे कायम लक्षात ठेवा. एका यलो सीडरमध्ये माझं गिरमिट कुजलेल्या गाभ्यात गेलं आणि पकडच सुटली. उलटं फिरवलं तर जागच्या जागी गरगरतंय. शेवटी दोर बांधून, दोघींनी मागं रेलून, फिरवत फिरवत पाऊण तासाने सोडवलं. तेव्हापासून आधी खोडावर मुठीने ठोकून बघते. भरीव आवाज आला तरच.

कांडी कागदी नळीत ठेवा. प्लॅस्टिकच्या नळीत आठवड्यात बुरशी येते. नळीवर झाडाचा क्रमांक, तारीख, जमिनीपासूनची उंची आणि दिशा. ‘नंतर लिहीन’ म्हणाल तर लिहिणार नाही.

मोजताना होणारी चूक

घरी आल्यावर कांडी खाचेच्या पट्टीत चिकटवून, १२० नंबरच्या पॉलिशपेपरपासून ४०० आणि मग ६०० पर्यंत घासायची. खोडात वर्षाला एक अशी वाढत गेलेली वलयं भिंगाखाली आरशासारखी दिसली पाहिजेत. मग बाहेरून आत मोजायचं, कारण सगळ्यात बाहेरच्या वलयाचं वर्ष आपल्याला ठाऊक असतं.

मी अशीच मोजत गेले आणि माझ्या तक्त्यात दोन आगी आल्या, दोन वर्षांच्या अंतराने, दोन शेजारच्या झाडांवर. मला केवढा आनंद. बाईंनी दोन्ही कांड्या शेजारी ठेवल्या आणि म्हणाल्या, बारीक वलयं जुळवून बघ. एक फार सुकं वर्ष दोन्हींत असायला हवं, तसं ते होतंही, पण एकीत दोन घरं सरकलेलं. त्या खुरट्या पाइनने वाईट वर्षांत त्या बाजूला वलयच धरलं नव्हतं, दोनदा. म्हणजे आग एकच होती. याला क्रॉसडेटिंग म्हणतात: झाडं एकमेकांशी ताडून बघायची, नुसती मोजायची नाहीत. न ताडलेली तारीख म्हणजे अंदाज. तो अंदाज म्हणूनच लिहावा.

व्रण वलयाच्या कुठल्या भागात बसलाय तेही बघा. फिकट लाकडात असेल तर वाढीच्या सुरुवातीला, गडद पट्ट्यात असेल तर उन्हाळा सरताना. दोन वलयांच्या बरोबर सीमेवर असेल तर झाड झोपलेलं असताना, म्हणजे वाढ थांबल्यावर शरदात किंवा पुढच्या वसंताच्या आधी. यातलं नक्की कुठलं ते लाकूड सांगत नाही.

कोळसा

झाडांची स्मृती काही शतकांची. त्यापलीकडं मातीत जावं लागतं, अर्थात वस्तीपासून लांब आणि खणण्याची परवानगी असेल तिथंच. शेवाळ आणि कुजक्या पाल्याचा जाड थर संपून खरी माती सुरू होते त्या सांध्यावर बघा. काळा तुकडा नखाने मोडा. कोळसा कडक मोडतो, मोडल्या जागी चकाकतो, कागदावर काळी रेघ देतो. कुजलेलं लाकूड चिकट असतं आणि तपकिरी डाग देतं.

रेडिओकार्बनने वय काढलं की एक खोच राहते. कार्बन सांगतो लाकूड कधी वाढलं, जळलं कधी ते नव्हे. ८०० वर्षांच्या सीडरचा गाभा काल जळला तरी प्रयोगशाळा शेकडो वर्षं जुना म्हणेल. म्हणून जाड ढेपेपेक्षा डहाळीचा, सुईसारख्या पानाचा कोळसा निवडावा.

आता मला आवरणारी गोष्ट. ज्याला त्याला आग दिसायला लागण्याचा एक काळ येतो. मलाही आला. व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेला क्लेओक्वट खोऱ्यात मातीतल्या कोळशाची वयं काढली तेव्हा दर पाचातल्या एका जागी ६,००० वर्षांहून जास्त काळ आग गेलेली नव्हती. उतारांवर गेलेली, नदीकाठच्या सपाट ओल्या जागा मात्र हजारो वर्षं तशाच. त्यामुळं ‘सगळं जंगल लोकांनी जाळून घडवलं’ हे ‘इथं माणसाचा हातच लागला नाही’ याच्याइतकंच आळशी वाक्य आहे. लोक ठरावीक जागी, ठरावीक कामासाठी जाळ लावत. काहीच सापडलं नाही तर वहीत ‘शोधलं, नाही’ असं लिहा. ती नोंद सापडलेल्या व्रणाइतकीच लागते.

लोकांशी बोलताना

पहिल्या वर्षी मी थेट विचारायचे: तुमचे लोक इथं आग लावायचे का? उत्तर यायचं नाही, किंवा हसू यायचं. आमच्या बरोबरच्या गार्डियन बाईंनी मला होडीत समजावलं की हा प्रश्न पोलिसाचा आहे. ज्या गोष्टीला शंभरावर वर्षं गुन्हा म्हटलं गेलं ती पाहुण्याला कोण सांगेल? बेरी कुठं चांगल्या यायच्या ते विचार, म्हणाल्या. आणि आता का येत नाहीत.

खरंच, गोष्ट तिथून सुटते. हकलबेरी, ब्लूबेरी, सलाल यांना ऊन लागतं. जाळ फिरल्यावर मुळांतून नवे फुटवे येतात आणि काही वर्षं झुडपं लगडतात. कोवळ्या पाल्याला हरणं येतात. मग सावली दाटते, पुन्हा पाळी येते. कुठला तुकडा कुठल्या घराण्याचा, पाळी कुणी ठरवायची, हेही त्यातच येतं. टोपल्या विणणाऱ्यांना विचारा. दक्षिणेला, उत्तर कॅलिफोर्नियात, युरोक आणि कारुक या मूळ लोकांचे विणकर हेझलच्या झुडपांवरून जाळ फिरवतात, कारण नंतर येणाऱ्या फुटव्यांच्या काड्या सरळ आणि लवचिक असतात. तिथं जाळाची गरज टोपलीपासून सुरू होते. जागांची नावंही विचारा, पण ती छापायची की नाही हे सांगणाऱ्याने ठरवायचं.

स्वतः काडी पेटवून बघायची नाही, हे सांगायला नको, तरी सांगते. खालची माती ओली आणि वरचं गवत सुकं असा दिवस ओळखणं, वारा, कडा, थांबण्याची जागा, हे त्या जागी वाढलेल्या माणसाचं काम. तुम्हाला कधी बोलावलं तर पाण्याची पिशवी पाठीला लावा आणि सांगतील तिथं उभे राहा.

दक्षिणेत, ओकच्या माळावर

मध्य किनाऱ्यावर जाणं सगळ्यांना जमणार नाही. व्हिक्टोरियाला जमेल. ऑलिम्पिक पर्वतांच्या पर्जन्यछायेत तिथं गॅरी ओकचे माळ आहेत, आणि एप्रिल-मेमध्ये कॅमासची निळी फुलं. तिथल्या मूळ रहिवाशांच्या लेक्वुंगेन भाषेत कॅमासला क्वेटलाल म्हणतात. त्याचे कंद बायका खणत, जमिनीतल्या भट्टीत तास न्‌ तास शिजवत म्हणजे ते गोड होत. हंगाम संपून बी झडल्यावर माळावरून जाळ फिरवत. नाहीतर झुडपं आणि डग्लस फर घुसतात. आता कॅनडातल्या या अधिवासाचा पाच टक्क्यांहून कमी भाग धड राहिलाय.

तिथं गिरमिट लागत नाही. माळाच्या कडेने झाडीत शिरा आणि वर बघत चाला. उंच, सरळ फरांच्या गर्दीत एखादा ओक सापडेल, फांद्या चहूबाजूंना आडव्या पसरलेल्या, बहुतेक वाळलेल्या. दाट झाडीत वाढलेल्या झाडाचा असा पसारा होत नाही. तो उघड्यावर, उन्हात वाढला. मग त्याला घेरणाऱ्या फरांच्या वयाचा अंदाज करा. सगळ्यात जुनी फर ज्या सुमाराची, त्याच सुमारास तिथला जाळ थांबला. कंद मात्र खणू नका. एकतर ते तुमचे नाहीत, आणि दुसरं म्हणजे डेथ कॅमास नावाचा विषारी भाऊ त्याच माळावर उगवतो. फुलं असताना तो पांढुरका, म्हणून लगेच कळतो. फुलं गेल्यावर कंद सारखेच दिसतात. खणणाऱ्या बायका तो फुलांच्या दिवसांतच उपटून टाकत.